अँटीव्हायरस मुळासकट काढला, त्याची गोष्ट

२०२३ साल. मला बहात्तरावं लागलं होतं, आणि पोरगा जाऊन नऊ महिने झाले होते.

आधी धंद्याचं सांगतो, त्याबिगर पुढचं कळायचं नाही. मी पॅटर्नमेकर. फौंड्रीत लोखंड ओतायच्या आधी वाळूत ज्या लाकडी वस्तूचा ठसा उठवतात, ती वस्तू म्हणजे पॅटर्न. लोखंड निवताना आकसतं, म्हणून लाकूड मूळ मापापेक्षा जरा थोरलं ठेवायचं, त्याला आम्ही माप सोडणं म्हणतो. किती थोरलं, ते पुस्तकात एक असतं आणि दर फौंड्रीत दुसरंच निघतं. एकाची वाळू ओली, एकाची कोरडी, एकजण घाईनं ओततो. लांब काम असलं तर ते निवताना वाकतं. मग लाकडालाच आधी उलटा बाक द्यायचा, म्हणजे लोखंड वाकून सरळ होतं. हे सगळं मी चौथी शिकून केलं. उद्यमनगरातले डिप्लोमावाले माझ्या शेडात येऊन बघत उभं राहायचे. आणि पॅटर्न एकदा फौंड्रीत पोचवला की त्याला परत पट्टी लावायला मी कधी गेलो नाही. दुसऱ्यांना बोलावणी यायची, मला एकदाही आलं नाही. हे मी चहाच्या गाड्यावर चारचौघांत सांगतो. सांगायचो, असं लिहायला पाहिजे.

पोरानं शेडात कॉम्प्युटर आणला तेव्हा मी त्याला डबडं म्हणालो. पुढंही तेच नाव राहिलं. संध्याकाळी हत्यारं पुसून झाली की तो त्या डबड्याफुडं बसायचा आणि मला विचारायचा,

"आण्णा, आजच्या कामाला किती सोडलं?"

"बेतानं सोडलं."

"आकडा सांगा की."

"तुझ्या डबड्याला इचार. त्याला समदं कळतंय म्हणतोस न्हवं?"

तो हसायचा आणि तसाच बसून राहायचा. शेवटी मीच आकडा सांगायचो. सात वर्षं हे रोज चाललं. कुठली फौंड्री, कुठलं काम, किती सोडलं, ओतल्यावर किती निघालं, असं सगळं तो एका फाईलीत भरत गेला. तो काविळीनं आठ दिवसांत गेला. त्यावर जास्त लिहीत नाही.

बायको माझी आधीच गेलेली. घरात मी आणि सून, दोघंच राहिलो. ती कुरुंदवाडची, शिकलेली. आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात, तशी ती मला मामा म्हणते. तेराव्यानंतर तिचा भाऊ आला आणि म्हणाला, कबनूरला एका लूमवाल्याच्या ऑफिसात जागा हाय, चल. ती म्हणाली, थोडं थांब. दुसऱ्या दिवशी तिनं शेडाचं कुलूप काढलं, डबडं चालू केलं आणि ती फाईल उघडून मला दाखवली. शेवटच्या रकान्यात माझंच बोलणं होतं, जसंच्या तसं. "आण्णा म्हणतात, ह्या फौंड्रीचा भट्टीवाला आळशी हाय, अर्धा जास्त सोड." "आण्णा म्हणतात, सागवान ओलं होतं, पुढच्या वेळी बघून घे." मी वर वर शिव्या घालत होतो, त्यातली कामाची वाक्यं वेचून पोरानं लिहून ठेवली होती. सून ती वाचून दाखवत होती. मी म्हणालो, "बास कर. रंध्याला धार लावायची हाय." आणि बाहेर जाऊन उगाच लाकूड चाळत बसलो.

तिथनं पुढं शेड तिनं चालवलं. ड्रॉइंग ती बघायची, फाईलीतनं जुनं काम काढून माप ती सांगायची. मी लाकूड करायचो, पुट्टी आणि रंग ती करायची. फौंड्रीवाले आधी माझ्याशी बोलायचे. मग हळूहळू तिच्याशी बोलायला लागले. मला ते आवडायचं नाही, पण मी काही म्हणायचो नाही.

त्या साली एका फौंड्रीनं लेथच्या आठ फुटी बेडचं, म्हणजे मशीन ज्यावर उभं राहतं त्या लांब पायाचं, काम दिलं. त्यांचाच सहा फुटी बेड आम्ही पूर्वी केला होता. तीनदा ओतून, तीनदा बाक बदलून तो सरळ आला होता; दर वेळी पॅटर्न शेडात आणायचा आणि परत पोचवायचा तो पोरगा, मी फौंड्रीची पायरी चढलो नाही. तो बाक नेमका किती, कुठनं कुठवर, हे फाईलीत होतं. मालक तिला तोंडावर म्हणाला, "ताई, हे सरळ आलं तर पुढची सगळी लांब कामं तुमची. वाकडं आलं तर मात्र मला दुसरीकडं बघावं लागंल." ती घरी येऊन मला म्हणाली, "मामा, हे साधलं तर शेड ठेवायचं. न्हाय साधलं तर मी कबनूरला जाते. भाऊ अजून जागा धरून बसलाय." एवढं सरळ ती कधी बोलली नव्हती.

आता त्या अँटीव्हायरसकडं येतो.

कॉम्प्युटरला रोग होऊ नये म्हणून त्यात पोरानंच तो घातला होता. त्याची मुदत कधीच संपली होती. रोज कोपऱ्यात लाल चौकट यायची आणि टुणकन आवाज व्हायचा. सुनेनं एकदा कुणाचा तरी पेनड्राईव्ह लावला, त्यातनं रोग आला, आणि त्या गोंधळात अँटीव्हायरसनं पोराची फाईलच रोगी समजून आत कोंडून ठेवली. तिनं कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. चाळिशीचा, टकला, खांद्याला काळी पिशवी. त्यानं बघितलं, आमचा पेनड्राईव्ह साफ केला आणि अँटीव्हायरस काढायला घेतला. तो निम्मा निघाला आणि लाईट गेली. परत आली तेव्हा त्याची खिडकी उघडायची बंद झालेली, पण आत तो होताच. यादीत नाव दिसायचं, काढायला गेलं की नाही म्हणायचा. लाल चौकट मात्र येतच होती.

कॉम्प्युटरवाला उठताना मला म्हणाला, "बाबा, तुम्ही आपलं लाकूड बघा. ह्याला हात लावू नका हं." लहान पोराला सांगावं तसं म्हणाला. माझ्या शेडात, माझ्या स्टुलावर बसून.

तो गेल्यावर सुनेनंही तेच सांगितलं. तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, दोन दिवस ती कुरुंदवाडला चालली होती. पिशवी भरता भरता म्हणाली, "मामा, तो गुरुवारी येतोय. तवर कॉम्प्युटर चालू सुदा करू नका. कारण काय हाय, की ती फाईल..."

"ठावं हाय मला."

"न्हाय, ऐकून तर घ्या..."

"जा तू. बस चुकंल. मला शिकवू नगंस."

ती गेली. ती काय सांगणार होती, ते मला नंतर कळलं. फाईल त्या निम्म्या उरलेल्या अँटीव्हायरसच्या आतच होती. त्याच्या एका लपवलेल्या कप्प्यात कुलपात ठेवलेली. तोच अँटीव्हायरस परत बसवायचा, त्याच्याच हातनं कुलूप उघडून फाईल बाहेर घ्यायची, मग त्याला काढायचं, असं कॉम्प्युटरवाल्यानं ठरवलं होतं. एका वाक्याचं काम होतं. मी ते वाक्य तिला पुरं करू दिलं नाही.

बुधवारी मी एकटाच शेडात. बेडचं लाकूड कापून ठेवलेलं, पण बाकाशिवाय पुढं हात चालत नव्हता. बाक किती दिला होता, ते मला आठवेल असं वाटलं होतं. आठवलं नाही. कधी साडेतीन मिलीमीटर वाटायचं, कधी अडीच. मी स्वतःवरच चिडलो. म्हटलं, हे डबडं नीट केलं की फाईल दिसंल. ती येईपर्यंत बाक धरून ठेवू. म्हातारा नुसता रंधा मारत नाही, हे तिलाही कळू दे आणि त्या टकल्यालाही.

मला इंग्रजी येत नाही, पण अक्षरं ओळखतो. ड्रॉइंगवर असतात ती थोरली अक्षरं. मोबाईलवर व्हिडिओ बघायला सुनेनंच शिकवलं होतं. बोलून विचारलं की मोबाईल दाखवतो. एक हिंदी बोलणारा गडी सापडला. म्हणाला, "भाई लोग, आज इसको जड़ से निकालेंगे." मला तो पटला. आमच्या कामातही खिळा काढायचा तर निम्मा मोडून ठेवत नाहीत. लाकूड न फाडता मुळासकट काढतात. ह्यात मी कुणाला हार गेलेलो नाही.

पहिल्यांदा त्याचा कप्पा शोधून सरळ पुसायला गेलो. चौकट आली. एक एक अक्षर लावून मोबाईलमध्ये बोललो, तर मोबाईल म्हणाला, परवानगी पाहिजे. कुणाची परवानगी? हे शेड मी वीस रुपये भाड्यापासून चालवलंय, इथं मला परवानगी सांगतोय. तीनदा केलं, तीनदा तेच. काही पुसलं जायचं, काही तसंच राहायचं. जितकं राहायचं तितका मी पेटत गेलो. तेवढ्यात कोपऱ्यात लाल चौकट आली. टुणकन.

इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. फौंड्रीत जो माल बाद होतो त्याला लाल रंगाचा फराटा मारतात. लाल फराट्याच्या मालावर कुणी नंबर वाचत नाही, माप घेत नाही. उचलायचा आणि फोडायला टाकायचा. पन्नास वर्षं मी हेच बघितलंय. त्या चौकटीत काहीतरी लिहिलं होतं. थोरल्या अक्षरात होतं. मी वाचलं नाही. लाल होतं.

व्हिडिओतला गडी म्हणाला, शिफ्ट धरून बंद करा आणि चालू करा, निळा पडदा येईल, चार आकडा दाबा. दाबला. पडदा काळा झाला, चित्रं थोरली झाली, चारी कोपऱ्यांत पांढरी अक्षरं. म्हणाला, आता तो झोपलाय, आता तो अडवणार नाही. खरंच अडवलं नाही. आधी जे हलत नव्हतं ते सगळं गेलं. मग तो म्हणाला, अजून एक जागा आहे, ती लपलेली असते, वर जाऊन अमक्या ठिकाणी टिक करा. टिक केली. एक फिकट कप्पा दिसायला लागला. आत पाच-सहा फायली, नावं म्हणजे नुसते आकडे आणि अक्षरांचा चिवडा. गडी म्हणाला, यही है असली जड़. सगळ्यांवर रेघ ओढून शिफ्ट आणि डिलीट दाबायला सांगितलं. कॉम्प्युटरनं विचारलं, कायमचं? व्हिडिओतला म्हणाला, यस दबाओ. मी दाबलं.

कप्पा रिकामा झाला. परत चालू केलं तर डबडं पळायला लागलं. लाल चौकट आली नाही, आवाज आला नाही. मी पोराच्या खुर्चीत टेकून बसलो आणि एकट्यानं विडी ओढली, शेडात भुसा असताना. पोरानं मला कधी ओढू दिली नसती. फाईल कुठं दिसत नव्हती, पण म्हटलं असंल कुठंतरी, ती आल्यावर काढंल. त्या दुपारी मी जितका खूश होतो तितका पोरगा गेल्यापासून झालो नव्हतो.

ती संध्याकाळी आली. पिशवी खाली ठेवायच्या आधीच मी म्हणालो, "जा, बघ जा तुझं डबडं. लाल चौकट दाखव मला."

"काय केलासा मामा?"

"काढला. मुळासकट. त्या टकल्याला लाईट पायजे, गुरुवार पायजे. मी दोन तासात काढला."

ती खुर्चीत बसली. तिनं काय काय उघडलं, बंद केलं, मला कळलं नाही. बराच वेळ नुसती टकटक. मग थांबली. मला वाटलं, शाबासकी देईल.

"मामा, तो लपलेला कप्पा पण काढला?"

"व्हय की. तीच तर मुळी हुती."

 तिनं मोबाईल काढला, त्यात एक फोटो उघडला आणि माझ्यापुढं धरला. कॉम्प्युटरवाल्याला दाखवायला म्हणून तिनं लाल चौकटीचा फोटो काढून ठेवला होता. "वाचा," म्हणाली.

चष्मा पुसून बघितलं. ए. एन. एन. ए. चार अक्षरं. ड्रॉइंगवर रोज वाचतो तसली.

पोरगं मला ज्या नावानं हाक मारायचं तेच नाव त्यानं फाईलीला दिलं होतं, आणि ते मला सात वर्षांत माहीत नव्हतं. फाईल कोंडली तेव्हापासून ती चौकट दिवसातनं दहादा मला ते नाव दाखवत होती.

"त्यात हुती फाईल," ती म्हणाली. "तुमाला सांगत हुते मी."

ओरडली असती तर बरं झालं असतं. मी ओरडून उत्तर दिलं असतं. ती उठली, हातपाय धुतले आणि भाकरी करायला बसली. मला वाढलं. तिनं खाल्लं नाही.

गुरुवारी कॉम्प्युटरवाला आला. पिशवीतनं काय काय काढून लावलं, पुसलेलं परत आणायचं बघितलं. तासाभरानं मान हलवली. म्हणाला, ही नवीन तऱ्हेची डिस्क आहे, हिच्यावरचं पुसलं की धुतल्यासारखं जातं.

"पेनड्राईव्हात कॉपी हुती की," सून म्हणाली.

"तो मी सोमवारी फॉरमॅट केला ताई. त्यातपण रोग होता. फाईल आत सुरक्षित आहे म्हणून केला."

मला धरायला काठी मिळाली. "मग तूच पुसलंस की! वर मला म्हणतोस हात लावू नका!"

तो माझ्याकडं बघत राहिला. भांडायच्या इच्छेनं बघत नव्हता, ते जास्त लागलं. "बाबा," म्हणाला, "मी हात लावू नका म्हणालो होतो. का, ते सांगायला पाहिजे होतं. चुकलं माझं."

एवढा मोठा माणूस परक्या शेडात उभा राहून चुकलं म्हणाला. मी बहात्तर वर्षांत कुणाला म्हणालो नव्हतो. तेव्हाही म्हणालो नाही. तो पिशवी घेऊन गेला. मजुरी घेतली नाही, चहाही घेतला नाही.

सून कापून ठेवलेल्या बेडच्या लाकडावर हात ठेवून उभी होती. "मामा, एकच सांगा. सहा फुटी बेडला बाक किती दिलता?"

"साडेतीन," मी म्हणालो. तोऱ्यात म्हणालो.

तिनं वहीत लिहिलं. मग पेन थांबलं. "नक्की?"

मी रंध्यातनं निघालेली एक चकली बोटानं उलगडत बसलो.

"मामा?"

"न्हाय," मी म्हणालो. "नक्की न्हाय. अडीच पण असंल."

तिनं तो आकडा खोडला नाही. वही मिटली आणि भावाला फोन लावायला बाहेर गेली. शेडाच्या पत्र्यामागनं तिचं बोलणं ऐकू येत होतं. ती त्याला जागेचं विचारत होती, पहिली तारीख धरून येऊ का म्हणत होती. त्या बेडचे सगळे आकडे माझ्या डोक्यातनं निघाले होते, पोरानं ते उचलून नीट ठेवले होते, आणि ते माझ्याच हातनं गेले. डोक्यात बघितलं तर तिथंही काही उरलं नव्हतं. रोज पोराला सांगत गेलो आणि बहुतेक सांगितलं की विसरत गेलो.

ती आत आली तेव्हा मी म्हणालो, "चुकलं माझं." लाकडाकडं बघत म्हणालो. तिनं ऐकलं की नाही, माहीत नाही. ती दिवे बंद करत होती.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. सकाळी सातला पाळी सुरू व्हायच्या आधी मी त्या फौंड्रीच्या गेटवर जाऊन उभा राहिलो. खिशात आकसाची पट्टी, म्हणजे आकस धरून आखलेली आमची मापाची पट्टी, सुताचा दोरा आणि सुनेची वही. गेटवरचा नवा होता. म्हणाला, "कुणाकडं आलासा पावणं?" मी म्हणालो, पॅटर्न स्टोअरला, जिथं ओतून झालेले पॅटर्न ठेवतात तिथं. त्यानं मला कडेला थांबवलं. अर्धा तास थांबलो. मग स्टोअरवाला आला. तो मला वीस वर्षं ओळखतो, चहाच्या गाड्यावरचं माझं बोलणं त्यानं शंभरदा ऐकलेलं.

"तुमी?" तो म्हणाला. "तुमी म्हणं दिलेल्या पॅटर्नला परत पट्टी लावत न्हाय?"

"आज लावतोय," मी म्हणालो. "माझ्या हातनं समदी मापं पुसली. उघड दार."

सहा फुटी बेड तिसऱ्या फळीवर होता, काळ्या धुळीत बुडलेला. दोघांनी मिळून खाली घेतला. मी गुडघ्यावर बसून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरा ताणला, मधोमध पट्टी उभी धरली आणि वाकून बघितलं. सव्वाचार आलं. साडेतीन नाही आणि अडीचही नाही. इतक्या वर्षांत ओल खाऊन लाकूड हललं होतं.

वहीत माझ्या हातानं, वाकड्या आकड्यात, सव्वाचार लिहिलं. त्याच्यापुढं, पोरगा फाईलीच्या शेवटच्या रकान्यात लिहायचा तसं, लिहिलं, लाकूड हललंय, भरवसा नाही. मग स्टोअरवाल्याला शेजारचा माझाच दुसरा पॅटर्न खाली घ्यायला सांगितलं.